कोणाकडून शिकलास?

लोकसंगीत कोणाचे, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो आणि त्याची दोन ठरावीक उत्तरे नेहमीच तयार असतात. पहिले उत्तर असे की ते सर्वांचे आहे. म्हणजे पर्यायाने कोणाचेच नाही, तेव्हा उचला आणि वाजवा. दुसरे उत्तर असे की ज्यांच्या घरात ते जन्मले त्यांचेच ते आहे. इतरांनी त्याला हात लावू नये. मला ही दोन्ही उत्तरे आळसाची वाटतात. पहिल्यात ऋण मानण्याचे कष्ट वाचतात, दुसऱ्यात शिकण्याचे. एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेच्या आधाराने या दोहोंहून वेगळे काही म्हणता येते का, हे मी येथे पाहणार आहे. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारण एवढेच, की तेथे हा प्रश्न पैशाच्या, रंगाच्या आणि न्यायालयाच्या भाषेत फार पूर्वीपासून उघडपणे विचारला गेला आहे. आपल्याकडे तो अजून कुजबुजीत आहे.

२२ एप्रिल २०२२ रोजी 'गेट ऑन बोर्ड' या नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ती दोघा मित्रांनी मिळून केलेली, एक ताज महाल आणि दुसरा राय कूडर. ताज महालच्या ऐंशीला तेव्हा महिनाही उरला नव्हता आणि कूडरची पंचाहत्तरी नुकतीच झाली होती. (ताज महाल हे माणसाचे नाव. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेल्या हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स या कृष्णवर्णीय मुलाने ते स्वतः घेतले. गांधीजींची आणि हिंदुस्थानची स्वप्ने पडत म्हणून घेतले, अशी त्याची हकिगत आहे. आग्र्याच्या इमारतीला याचा पत्ता असण्याचे कारण नाही.) ध्वनिमुद्रिकेत अकरा गाणी, सगळी जुनी. ध्वनिमुद्रण झाले ते कूडरचा मुलगा जोआकिम याच्या लॉस एंजेलिसजवळच्या आल्टाडीना येथील घरात, दिवाणखान्यात. ड्रम आणि बेस सांभाळायला तोच मुलगा. बाकी गाणे, गिटार, माउथऑर्गन, पियानो, मँडोलिन, बँजो हे सारे या दोन म्हाताऱ्यांनी वाटून घेतलेले. २०२३ साली तिला पारंपरिक ब्लूजचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचे मला फारसे अप्रूप नाही, पण निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही.

या दोघांची ओळख १९६५ च्या सुमाराची. कूडर तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, ताज महाल पाच वर्षांनी मोठा. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी आणखी काही जणांसह 'रायझिंग सन्स' नावाचा वाद्यमेळ काढला. गोरी आणि काळी मुले एकत्र बसून जुने ब्लूज वाजवीत आहेत, हे दृश्य त्या काळी तेथे नेहमीचे नव्हते. कोलंबियासारख्या बड्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले, १९६६ साली एक छोटी तबकडी काढली, आणि उरलेले ध्वनिमुद्रण कपाटात ठेवून दिले. ते बाहेर आले १९९२ साली! मेळ तर १९६६ मध्येच मोडला होता. १९६८ सालच्या ताज महालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत कूडरने साथ केली, आणि मग दोघांचे रस्ते वेगळे झाले. २०१४ साली नॅशव्हिल येथे ताज महालचा सत्कार झाला तेव्हा ते पुन्हा एका मंचावर आले. तेथून दिवाणखान्यापर्यंत यायला आणखी काही वर्षे गेली. मैत्रीला घाई नसते हे खरे, पण इतकीही सवड असू नये असे वाटून जाते.

आता मुख्य गोष्ट. या ध्वनिमुद्रिकेच्या नावात आणखी दोन नावे आहेत. तिचे पूर्ण नाव, सनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी यांची गाणी, असे आहे. मुखपृष्ठही टेरी-मॅकगींच्या १९५२ सालच्या, फोकवेज कंपनीने काढलेल्या तबकडीच्या वळणावर केलेले, आणि 'गेट ऑन बोर्ड' हे नावही तिचेच.

सनी टेरी हा १९११ साली जॉर्जियात जन्मलेला. लहानपणीच्या दोन अपघातांत त्याची दृष्टी गेली. शेतावर काम करणे अशक्य झाले तेव्हा माउथऑर्गन हेच पोटाचे साधन झाले. तो वाद्य उलटे धरी, खालचे स्वर उजव्या हाताला. फुंकता फुंकता मध्येच तोंड काढून तो एक किंचाळीवजा हुंकार देई आणि तो हुंकार वाद्याच्या पुढच्या स्वरात असा मिसळे की माणूस कोठे संपला आणि पत्र्याची पेटी कोठे सुरू झाली हे कळू नये. आगगाडी आणि कोल्ह्याची शिकार या दोन गोष्टी तो माउथऑर्गनवर उभ्या करी. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा जो प्रसिद्ध जलसा झाला, त्यात हा खेड्यातला आंधळा माणूस वाजवून गेला.

ब्राउनी मॅकगी हा टेनेसीचा, जन्म १९१५. लहानपणी पोलिओने पाय गेला. त्याचा धाकटा भाऊ त्याला एका गाड्यावर बसवून काठीने ढकलीत नेई, म्हणून त्या भावाचे नाव 'स्टिक' पडले. हाच स्टिक मॅकगी पुढे दारूच्या एका खुशालचेंडू गाण्याने १९४९ साली गाजला, आणि ते गाणे नव्या ध्वनिमुद्रिकेतही आहे. ब्राउनीची गिटार ही अमेरिकेच्या पूर्वेकडल्या डोंगरपायथ्याच्या धाटणीची: अंगठा खालच्या तारांवर घड्याळासारखा चालतो आणि बोटे वरच्या तारांवर गाणे म्हणतात. एकच माणूस ठेकाही धरतो आणि सूरही. त्यावर टेरीचे माउथऑर्गन म्हणजे दोन माणसांचा पुरा तमाशाच उभा राहत असे.

टेरी आधी ब्लाइंड बॉय फुलर नावाच्या गायकाबरोबर वाजवीत असे. हा फुलर १९४१ साली वारला, तेव्हा कंपनीने काय करावे? मॅकगीच्या तबकड्यांवर 'ब्लाइंड बॉय फुलर क्रमांक दोन' असे छापले! मॅकगी आंधळाही नव्हता आणि फुलरही नव्हता. दुकानदाराला वाटले, नाव खपते आहे तर माणूस कोणताही चालेल. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण लोकगायकाच्या बाबतीत दोनच प्रकार घडताना दिसतात: एक तर त्याचे नाव पुसले जाते, नाही तर दुसऱ्याचे चिकटवले जाते. लेड बेली हा थोर गायक तुरुंगात असताना जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन या संग्राहकांनी त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. लोमॅक्स पितापुत्रांचे उपकार मोठे आहेत, त्यांच्या खटाटोपावाचून कितीतरी गाणी नाहीशी झाली असती. पण गाण्याच्या हक्कात संग्राहकाचेही नाव कर्ता म्हणून लागले, हेही खरेच. लेड बेली १९४९ च्या डिसेंबरात वारला आणि त्याचे 'गुडनाइट आयरीन' दुसऱ्या गायकांच्या तोंडून १९५० साली देशभर गाजले.

या पार्श्वभूमीवर ताज महाल आणि कूडर यांनी मुखपृष्ठावर दोन मेलेल्या माणसांची नावे घालणे याला केवळ शिष्टाचार म्हणता येत नाही. टेरी १९८६ साली गेला, मॅकगी १९९६ साली. त्यांच्याकडून कोणतीही आडकाठी येणार नव्हती. 'पारंपरिक' एवढा एक शब्द छापून भागले असते.

या दोघांचा या संगीतावर अधिकार काय? जन्माचा म्हणाल तर कूडरचा काडीचाही नाही. सांता मोनिकातला गोरा मुलगा, लहानपणी अपघातात एक डोळा गमावलेला, घरात बसून गिटारशी खेळणारा. ताज महालचा रंग काळा, म्हणून त्याचा अधिकार आपोआप सिद्ध असे वाटेल. पण नीट पाहा. तो न्यूयॉर्कमध्ये जन्मला, मॅसॅच्युसेट्समध्ये वाढला. वडील कॅरिबियन बेटांकडल्या घराण्यातले, जॅझचे जाणकार. त्याने विद्यापीठात पशुसंवर्धनाचा अभ्यास केला. दक्षिणेकडल्या तंबाखूच्या आणि कापसाच्या मुलुखातले हे गाणे त्याला शेजारच्या, दक्षिणेतून आलेल्या मुलाकडून गिटार शिकताना कानावर आले. म्हणजे रक्ताने दोघांनाही फारसे काही दिले नव्हते. दिले ते एका जागेने.

ती जागा म्हणजे लॉस एंजेलिसमधील 'अ‍ॅश ग्रोव्ह' नावाचा छोटा क्लब. एड पर्ल या गृहस्थाने तो १९५८ साली काढला आणि १९७३ पर्यंत चालवला. दक्षिणेतले म्हातारे गायक तेथे येऊन गात. टेरी आणि मॅकगीही येत. पोरे पुढच्या खुर्च्यांत बसून त्यांची बोटे पाहत. कूडर शाळकरी वयापासून तेथे पडीक असे. रेव्हरंड गॅरी डेव्हिस या अंध गिटारवादकाकडून त्याने तेथेच धडे घेतले. रायझिंग सन्सही तेथे वाजवीत. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरून विद्या घेण्याची गोष्ट सांगतात, तसे तेथे काही नव्हते. पण डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, चुकत-माकत शिकणे होते. त्याला पर्याय नाही. तबकडीवरून सूर कळतो; बोट कोठून उचलले ते कळत नाही.

ध्वनिमुद्रिका ऐकताना हे सारे कानाला जाणवते. आवाज घोगरे झालेले आहेत, कोठे कोठे ताल किंचित डगमगतो, मध्येच कोणी हसते. एखाद्या होतकरू ध्वनिमुद्रकाने हे सारे घासून काढले असते. मला तो खडबडीतपणा आवडतो, पण खडबडीतपणासाठी नव्हे. हल्ली मुद्दाम खडबडीत करण्याचीही कला निघाली आहे, ती वेगळी. येथे आवडते ते हे, की एक जण ओळ अर्धी सोडतो आणि दुसरा ती कोठे पडणार हे आधीच ओळखून खाली हात धरतो. हे सरावाने येत नाही. दोघांनी तारुण्यात एकाच माणसांचे ऐकलेले असावे लागते.

याउलट एक उदाहरण कूडरचेच आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथील एका प्रार्थनामंदिरात त्याने आणि आपल्या पंडित विश्वमोहन भट्टांनी एकत्र वाजवले. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार. दोघांची भेट होऊन तासही झाला नव्हता. चौदा वर्षांचा जोआकिम तेव्हाही एका छोट्या तालवाद्यावर साथीला होता. त्यातून निघालेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या ध्वनिमुद्रिकेलाही ग्रॅमी मिळाले. पुढे भट्टांनी ताज महालबरोबरही १९९५ साली एक ध्वनिमुद्रिका केली. नदीकाठच्या भेटीत जे सौंदर्य आहे ते अनोळखी माणसांच्या अदबीचे आहे: आपण, आधी आपण. 'गेट ऑन बोर्ड'मध्ये अदब मुळीच नाही. येथे दोघे एकमेकांच्या ताटात हात घालतात. पहिली अधिक देखणी आहे यात शंका नाही. पण आठवड्यातून दोनदा ऐकावीशी वाटते ती दुसरी.

या ध्वनिमुद्रिकेतले एक गाणे मात्र मला अस्वस्थ करते, आणि करायलाच हवे. ते कापूस वेचण्याचे गाणे आहे. त्यात दिवसाला एक गठाण वेचण्याची बढाई आहे. आमच्याकडच्या कोणाही शेतमजुराला हिशेब विचारा. अमेरिकन गठाण सुमारे पाचशे पौंड रुईची. तेवढी रुई निघायला सरकीसकट कापूस दीड हजार पौंडांच्या आसपास लागतो. आणि दिवसभर वाकून दोनशे पौंड वेचणारा माणूस तेथे तरबेज समजला जाई. म्हणजे बढाई अशक्यप्राय गोष्टीची आहे. मालक जे मागतो ते गाण्यात सहज करून दाखवायचे, यातला उपहास वेचणाऱ्याला कळत होता. पुढे हे गाणे अमेरिकन शाळांतून गोऱ्या-काळ्या मुलांकडून टाळ्या वाजवीत म्हणून घेतले गेले, आणि काळ्या पालकांना ते झोंबले, ते योग्यच होते. गुलामगिरीचे आणि तुरुंगातल्या सक्तमजुरीचे गाणे बालगीत होऊन बसले होते.

मग या दोघांनी ते का म्हणावे? ताज महालने म्हणावे, कूडरने म्हणू नये, असेही कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. कूडर एकटा म्हणता तर मीही कान टवकारले असते. पण शेजारी ताज महाल बसलेला आहे, आणि दोघे ते गाणे टेरी-मॅकगींच्या नावाने म्हणत आहेत. त्यांनी ते कसे म्हटले हे ठाऊक असलेल्या माणसांनी म्हटलेले आहे. साथीदाराचा एक उपयोग हाही असतो. तो सूर सावरतो, तसा तो आपल्याला भलत्या जागी जाऊही देत नाही. शिवाय या कापसाशी आपला संबंध नाही असे समजू नये. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ साली तो ओसरताच पेढ्या धडाधड बुडाल्या. तिकडल्या शेतातली गाणी थांबली तेव्हा इकडल्या शेतात वेचणाऱ्या बायांची गाणी वाढली असतील. ती कोणी ध्वनिमुद्रित करायला मात्र नव्हते.

मैत्रीविषयी बोलायचे तर येथे एक विचित्र गंमत आहे. ज्या जोडीच्या नावाने हे दोघे मित्र बसले, त्या जोडीचे आपसात धड नव्हते. चाळीसेक वर्षे एकत्र वाजवल्यावर टेरी आणि मॅकगी शेवटच्या काळात मंचावर येत, शेजारी बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. तरी गाणे होत असे. मैत्रीचे गोडवे गाणाऱ्यांना हे अडचणीचे वाटेल. मला वाटते, कलेतली सोबत ही आवडण्या-नावडण्याच्या पलीकडे, कानांच्या ओळखीची असते. ताज महाल आणि कूडर यांचे नशीब एवढेच, की त्यांना ती ओळखही मिळाली आणि वर्षानुवर्षे रोज एकमेकांचे तोंड पाहण्याची सक्तीही झाली नाही.

आपल्याकडे अशी जोडी नाही असे नाही. होनाजी-बाळा हे नाव आपण एका माणसाचे असल्यासारखे घेतो. होनाजी शिलारखाने हा गवळी, तो रचना करी. बाळा करंजकर हा त्याचा साथीदार, तो गाई. पेशवाईच्या अखेरीस यांचा फड दोघांच्या नावाने गाजला. १९५१ सालचा 'अमर भूपाळी' हा चित्रपट निघाला तो या होनाजीवर. जुन्या शाहिरांची एक चाल मला फार शहाणपणाची वाटते: कवनाच्या शेवटी नाममुद्रा घालायची. रचना करणारा कोण, कधी कधी गुरू कोण, हे गाण्यातच शिवलेले असे. फाडून काढायचे म्हटले तर गाणेच फाटे. असे असूनही आज आपण सरसकट 'पारंपरिक' लिहून मोकळे होतो.

युवक महोत्सवाच्या लोकवाद्यवृंद स्पर्धेत माझ्या वर्गातले दोघे मित्र होते. एकाच्या घरात हलगी पिढ्यांची. दुसऱ्याच्या घरात कधी कोणी हलगीला शिवलेले नाही; 'शिवलेले' हा शब्द मी विचार करून वापरतो. दुसरा पहिल्याच्या आजोबांकडे जाऊन दोन वर्षे शिकला. कुस्तीच्या मैदानात घुमक्या-कैताळाबरोबर उभे राहून वाजवून आला. हलगी तापवायची किती आणि थांबायचे कधी हे आता त्याला कळते. महोत्सवाच्या अर्जात 'रचना' या रकान्यात त्याने आजोबांचे नाव लिहिले होते, ते खोडून तेथे 'पारंपरिक' असे करण्यात आले. आणि स्पर्धेनंतर एका परीक्षकांनी दोघांना बोलावून विचारले ते काय, तर, "तुमच्यापैकी हलगीवाला कोण?" दोघांनी हात वर केले. "तसे नव्हे," परीक्षक म्हणाले, "मूळचा कोण?"

परीक्षक विद्वान आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. लोकसंगीत विकून खाणारी, फेटे बांधून दूरदर्शनवर नाचणारी मंडळी पाहून ते कंटाळलेले असणार. पण 'पारंपरिक' लिहून आजोबांना पुसायचे आणि 'मूळचा' विचारून नातवाच्या मित्राला बाहेर काढायचे, ही दोन्ही कामे एकाच दुपारी करू नयेत. विचारायचेच तर, 'कोणाकडून शिकलास?' असे विचारावे. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही त्याला खुशाल बाहेर काढावे, मग त्याचे आडनाव काही का असेना.

आमच्या सांस्कृतिक मंडळाला माझी सूचना आहे की पुढच्या वर्षी महाविद्यालयातील अंतर्गत स्पर्धेच्या अर्जात हा रकाना घालावा. विद्यापीठाचा अर्ज आपल्या हातात नाही, पण आपला आहे. यातली अडचण आजोबांनीच दाखवली आहे. नातू आणि त्याचा मित्र त्यांच्याकडे अर्जाची हकिगत सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "माझं नाव खोडलं त्ये बरंच झालं. मला ज्यानं शिकवलं त्या वस्तादाचं घाला की आधी." तेव्हा रकाना जरा मोठा आखावा लागेल.